दोन बोटं सांगितली होती

पार्लरच्या खुर्चीत बसून "खालून फक्त दोन बोटं घ्या" असं जिने कधी सांगितलं नाही अशी लांब केसांची बाई विरळाच. ही बोटं आडवी की उभी, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. सांगणारीच्या मनात दोन बोटांची रुंदी असते, म्हणजे जेमतेम दीड इंच. कापणारीला दिसतात ती फाटे फुटलेली टोकं, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत तिला काम अपुरं वाटतं. त्यातून केस ओले. ओला केस ताणला की तीसएक टक्क्यांपर्यंत लांबतो. कंगव्यात ताणून कापलेला केस वाळला की वर चढतो, कुरळा असेल तर आणखी वर. मग डावी बाजू उजवीला जुळवायला अर्धा इंच, उजवी डावीला जुळवायला आणखी अर्धा. पाठीवरचा शेपटा खांद्यावर येतो तो असा, कुणाच्याही दुष्टपणाशिवाय.

रायगडातल्या जासईकडे हे लग्नसराईच्या तोंडावर जास्त घडतं. घरात हळद असते, नवरीच्या बहिणींना आणि मैत्रिणींना "जरा नीट करून घ्यायचं" असतं, गावातल्या पार्लरला श्वास घ्यायला फुरसत नसते. नीट करायला गेलेली मुलगी रडवेली होऊन परत येते आणि हळदीला आलेली प्रत्येक आत्या, मामी, काकी तिची वेणी हातात धरून विचारते, "इतकं कशाला कापलंस गो?" कापले तिने नाहीत, पण जाब तिलाच.

जासई तालुक्याने उरणची, पत्त्याला आणि बाजारहाटाला पनवेलकडे झुकलेली. शेतकऱ्यांचे पुढारी दि. बा. पाटलांचं गाव आणि १९८४ च्या जानेवारीतला शेतकऱ्यांचा लढा यासाठी महाराष्ट्र हे नाव ओळखतो. केसांवर लिहिण्यासाठी कुणी या गावाचं नाव घेईल असं वाटत नाही. पण या प्रश्नाचे बरेच धागे याच टापूत हाताला लागतात. बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरची धूळ आहे, उन्हाळ्यात रानसई धरणाचा साठा उतरला की सुरू होणारी पाणीकपात आहे, दुचाकीवरून पनवेलला नोकरीला जाणाऱ्या मुली आहेत, अंबाड्यात फुलं माळणाऱ्या आज्या आहेत आणि मोबाइलवर बघून केस सरळ करणारं स्मूदनिंग करून घेणाऱ्या नातीही आहेत.

नको असताना कापलेल्या आणि वाढवता वाढवता खराब झालेल्या केसांबद्दल बाजारात, घरात आणि समाजमाध्यमांवर इतकं काही सांगितलं जातं की मूळ हिशेब हरवतो. हा हिशेब दोन ठिकाणी मांडावा लागतो. केस मुळाशी वाढतो आणि टोकाशी तुटतो. मुळाशी काय चालतं त्यावर आपला ताबा फार थोडा, टोकाशी काय होतं त्यावर बराच. बहुतेक पैसा मात्र मुळावर खर्च होतो आणि टोकाची हेळसांड होते. तिसरा एक प्रश्न या दोन्हींच्या आधीचा आहे, कात्री कुणाच्या हुकमाने चालते तो. त्याचा इतिहास मराठी माणसाला सोयीचा नाही, म्हणून आधी तोच.

या भाषेत नको असलेल्या केशकर्तनाची सगळ्यात मोठी गोष्ट केशवपनाची आहे. ब्राह्मण आणि त्यांच्या पावलावर पाऊल टाकणाऱ्या काही जातींत नवरा गेला की बाईचं डोकं न्हाव्याकडून भादरलं जाई, आणि एकदाच नव्हे, केस जरा वाढले की पुन्हा, मरेपर्यंत. म्हणजे वाढीची मुभाच नाही. हरी नारायण आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीत यमूच्या वाट्याला हेच आणलं. ती 'करमणूक'मध्ये १८९० पासून क्रमशः येत होती, आणि त्याच साली मुंबईत वेगळीच घटना घडली. 'दीनबंधू'चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचे केस कापायचे नाहीत असा निर्धार तिथे झाला. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचाराचा हा परिणाम. सुधारकांची व्याख्यानं, शास्त्रार्थ, वर्तमानपत्रातले वाद वर्षानुवर्षं चालले होते. इथे ज्याच्या हातात वस्तरा होता त्यानेच तो खाली ठेवला, स्वतःच्या मिळकतीवर पाणी सोडून. समाजसुधारणेच्या पाठ्यपुस्तकांत या सभेला एक-दोन ओळी मिळतात. मला ती अनेक ठरावांपेक्षा वजनदार वाटते.

पुन्हा केस वाढवणं हीसुद्धा त्या काळात बंडखोरी होती. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली ज्यांच्याशी पुनर्विवाह केला त्या गोदूबाई बालविधवा होत्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या होत्या. पुढे आनंदीबाई कर्वे म्हणून त्यांनी 'माझे पुराण' लिहिलं. त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले विधवांच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करत हिंडल्या, त्यासाठी परदेशातही गेल्या. कितीतरी वर्षं त्यांनी स्वतः सोवळ्या विधवेचाच वेष ठेवला होता. केस वाढवायचा निर्णय त्यांनी उशिरा, कामात मुरल्यावर, आपल्या मनाने घेतला. 'माझी कहाणी' वाचताना लक्षात येतं की डोक्यावरचे चार इंच केस लोकांच्या नजरेला केवढे टोचत होते. नव्या केसांची लाज वाटायला लावणारे लोक आणि "इतकं कशाला कापलंस" विचारणारे लोक एकाच मातीचे. बाईच्या केसांची लांबी ठरवायचा हक्क तिचा सोडून सगळ्यांना आहे असं दोघेही धरून चालतात.

केशवपनाची रीत सरली तरी बळजबरी संपलेली नाही. २०१७ मध्ये राजस्थान, हरियाणा, दिल्ली, उत्तर प्रदेशात वेणी कापणाऱ्या अदृश्य माणसाची अफवा उठली. झोपेतून उठलेल्या बायकांना आपली वेणी तुटलेली दिसे. आग्ऱ्याजवळ एका म्हातारीला वेणी कापणारी समजून जमावाने मारून टाकलं. २०२५ च्या जानेवारीत दादर स्टेशनवर एका कॉलेजच्या मुलीचे केस मागून कापून पळालेला माणूस पोलिसांनी पकडला, ती मात्र अफवा नव्हती. वसतिगृहांत उवा झाल्या की सरसकट सगळ्या मुलींचा बॉबकट करायचा, हा उपाय तर कुणाला बळजबरी वाटतच नाही. उवांवर परमेथ्रिनचं औषध मिळतं, बारीक दातांची फणी मिळते. कात्री फक्त वॉर्डनचा वेळ वाचवते.

याच्या अगदी उलटा प्रसंग जटेचा. गुंता बसून चिकटलेले केस देवीचं बोलावणं मानून वर्षानुवर्षं न विंचरता, न कापता ठेवले जातात. मानेवर ओझं होतं, आत घाण साचते, मान दुखते, पण कापलं तर कोप होईल ही भीती. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव मूळच्या पार्लरच्या व्यवसायातल्या. त्यांनी दोनशेहून अधिक बायकांच्या जटा सोडवल्या आहेत. कात्री चालवण्याआधी त्या घरी जातात, घरच्यांशी बोलतात, बाईच्या तोंडून होकार येईपर्यंत थांबतात, काही ठिकाणी पुन्हापुन्हा जातात. केस कापायला काही मिनिटं पुरतात, होकार मिळवायला दिवस जातात. गावातल्या पार्लरवालीने हे कौशल्य शिकावं असं मी म्हणणार नाही, पण निदान "किती घेऊ, दाखवा" एवढं विचारायला दिवस लागत नाहीत.

पार्लरमध्ये झालेल्या चुकीची दाद कुठे मागायची, हा प्रश्न देशभर गाजला तो दिल्लीतल्या एका प्रकरणाने. एप्रिल २०१८ मध्ये मॉडेलिंग करणारी एक बाई तारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये गेली. खालून चार इंच कापा असं तिने सांगितलं. तिच्या तक्रारीप्रमाणे कापणारीने डोक्याकडून चारच इंच ठेवले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये तिला दोन कोटी रुपये भरपाई मंजूर केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेवेतली कसूर कायम ठेवून रक्कम रद्द केली, कारण एवढं नुकसान झाल्याचा पुरावा समोर नव्हता, आणि प्रकरण आयोगाकडे परत पाठवलं. आयोगाने त्याच वर्षी पुन्हा तोच आकडा दिला आणि वाद पुन्हा वरच्या न्यायालयात गेला. लोकांनी दोन कोटींची चेष्टा केली. माझ्या मते रकमेपेक्षा कसुरीची गोष्ट महत्त्वाची आहे. सांगितल्यापेक्षा जास्त कापणं ही सेवेतली कसूर ठरू शकते, हे एकदा कागदावर आलं.

जासईतल्या मुलीला कोटींचा दावा लावायचा नसतो. तिला अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाची वाट माहीत असली तरी पुरे. २०१९ च्या कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या सेवेसाठी दाखल करायला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि आधी १९१५ या क्रमांकावर फोन करून समेट होतो का ते बघता येतं. खरी अडचण पुराव्याची. पावती नाही, आधीचा फोटो नाही, किती कापायचं ते तोंडी सांगितलेलं. म्हणून खुर्चीत बसण्याआधी मोबाइलने पाठीचा फोटो काढून ठेवावा, केस वाळलेले असतानाच कुठवर कापायचं तिथे आपल्या हाताने रबर बांधून दाखवावं, आणि पहिली बट कापली की थांबवून बघावं. यात उद्धटपणा वाटतो, हे खरं. आपल्याकडे पार्लरवाली निम्म्या वेळा शेजारीण किंवा नात्यातलीच असते, त्यामुळे तक्रार आयोगापर्यंत जात नाही, फार तर वहिनीपर्यंत जाते.

आता मुळाचा हिशेब. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, वर्षाला बारा ते पंधरा. हनुवटीपासून खांद्यापर्यंत यायला वर्ष, खांद्यापासून कमरेपर्यंत तीन वर्षं किंवा जास्त. डोक्यावर लाखभर केस असतात आणि त्यातला प्रत्येक आपल्या वेळापत्रकाने चालतो. दोन ते सहा वर्षं वाढतो, दोन-तीन आठवड्यांत वाढ मिटते, मग तीनेक महिने नुसता बसून राहतो आणि गळतो. रोज पन्नास ते शंभर केस गळणं यात धरलेलंच आहे. वाढीचा काळ ज्याचा दोन वर्षांचा त्याचे केस पाठीच्या मध्यापलीकडे जाणारच नाहीत, तेल कुठलंही लावा. हा काळ बव्हंशी आईबापांकडून येतो. टोकं कापली की केस जोमाने वाढतात ही समजूत घरोघरी आहे. केसाच्या टोकाला काय झालं याची मुळाला खबर लागत नाही, कारण त्वचेच्या वर आलेला केस निर्जीव असतो. टोकं कापून फायदा एवढाच की फाटा वर सरकत नाही. वाढवणाऱ्याने तीन-चार महिन्यांनी अर्धा सेंटिमीटर घेतलं तर पुष्कळ, आणि टोकं धड असतील तर तेही नको.

केस वाढीच्या गोळ्यांचा धंदा नको असलेल्या कापणीनंतरच्या हताशेवर चालतो. बायोटिनची कमतरता नसेल तर बायोटिनने काही होत नाही. उलट जास्त मात्रेने थायरॉइडच्या आणि हृदयाच्या काही रक्ततपासण्या चुकीच्या येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच दिला आहे. तपासायचंच असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्क्यांना रक्तक्षय आढळला, महाराष्ट्रात ५४ टक्क्यांना. केस पातळ झाले म्हणून पार्लरमध्ये प्रोटीन ट्रीटमेंट घेणाऱ्या मुलींपैकी कितीजणींचं रक्त कमी असेल, याचा विचार कुणी करत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात आणि पार्लरचं बिल चार आकडी असतं, तरी पाय पार्लरकडे वळतात.

आजारपणही एक प्रकारे नको असलेली कात्रीच. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, मोठं ऑपरेशन यांच्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने जायला लागतात, आणि तोवर ताप विसरलेला असतो म्हणून दोष शांपूवर जातो. बहुतेकदा सहा महिन्यांत ते थांबतं. जासईहून फार लांब नसलेल्या खारघरला टाटा स्मारक केंद्राचं 'अ‍ॅक्ट्रेक' आहे. रायगडातले किती तरी पेशंट तिथे केमोथेरपीला जातात. तिथल्या बायका केस जायच्या आधीच बारीक करून घेतात, कारण उशीवर पुंजके बघण्यापेक्षा ते सोसवतं. उपचार संपल्यावर एक ते तीन महिन्यांत नवे केस दिसू लागतात आणि कित्येकदा आधी सरळ असलेले कुरळे होऊन येतात, निदान काही काळ.

सगळ्यात विचित्र प्रसंग बुलढाणा जिल्ह्यातला. २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड आणि आजूबाजूच्या गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत हातात यायला लागले. वर्तमानपत्रांनी 'टक्कल व्हायरस' असं नाव देऊन टाकलं. संशय आधी पाण्यावर होता. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या कामाबद्दल जगभर ओळखले जाणारे आणि २०२२ चे पद्मश्री, स्वतः तिथे गेले आणि रेशनच्या गव्हातलं सेलेनियम हे कारण असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. १८ गावांतले २७९ जण बाधित होते. सेलेनियम शरीराला लागतं, पण अगदी थोडं. जास्त झालं की पहिला मार केस आणि नखांवर बसतो. बाकीच्यांना तो बातमीचा विषय होता. त्या गावांतल्या मुलींनी ओढणीखाली डोकं झाकून कॉलेज टाळलं, काहींची जमत आलेली लग्नं अडली.

टोकाचा हिशेब जास्त कामाचा आहे आणि तो घरातून सुरू होतो. बारावीतल्या मुलीच्या कमरेवर रुळणारं टोक ती सातवीत असताना डोक्यातून बाहेर आलेलं असतं. तेवढी वर्षं ते ऊन, घाम, कंगवा, रबर, शांपू आणि ओढणीची घासण सोसत आलेलं आहे. केसावर कौलांसारखे एकावर एक चढलेले पातळ पापुद्रे असतात आणि त्यांच्यावर निसर्गतः स्निग्ध थर असतो. पापुद्रे उचकटले की आतले धागे उघडे पडतात आणि टोक दोन-तीन ठिकाणी फाटतं. एकदा फाटलेलं कुठलंही सीरम जोडत नाही. ते चिकटवतं, आणि पुढच्या न्हाणाला पुन्हा सुटतं.

खोबरेल तेलाबद्दल आज्यांचं बरोबर ठरलं, पण त्या देत होत्या त्या कारणाने नव्हे. २००३ साली मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या रेले आणि मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. न्हाण्याआधी किंवा नंतर लावलेल्या खोबरेलामुळे केसातून वाहून जाणारं प्रथिन कमी झालं, बाकी दोन तेलांनी ते जमलं नाही. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रचनेचं असल्याने केसाच्या आत शिरतं, असं त्यांचं स्पष्टीकरण. पॅराशूट विकणाऱ्या कंपनीने खोबरेल चांगलं म्हणावं यात नवल नाही, म्हणून हा अभ्यास चिमटीत धरूनच वाचावा. पण पुढे त्याला धरून बरंच काम झालं आणि मूळ मुद्दा टिकला. तेलाने केस वाढत नाहीत, तुटणं कमी होतं. न्हाण्याच्या आदल्या रात्री टोकांना लावलेलं दोन चमचे तेल मुळाशी रगडलेल्या वाटीभर तेलापेक्षा जास्त काम करतं. माका, जास्वंद, कोरफड, मेथी यांची मालीश सुखाची आहे, तिच्यावर सेंटिमीटरचा भार घालू नये. शिकेकाई-रिठ्याने डोकं स्वच्छ होतं, पण भरड चूर्ण लांब केसांत चोळलं की गुंता होतो. काढा गाळून घ्यावा.

पाण्याबद्दल या पट्ट्यात फार बोललं जातं. बोअरच्या जड पाण्याने केस गेले, टँकरच्या पाण्याने गेले. जड पाण्याने साबणाचा फेस होत नाही, केस भरड लागतात, हे खरं. केस कमजोर होतो का, यावर अभ्यासांचं एकमत नाही. भारतातल्या २०१३ च्या एका अभ्यासात जड आणि शुद्ध पाण्यात केसाच्या ताकदीत फरक दिसला नाही, पाकिस्तानातल्या नंतरच्या अभ्यासात दिसला. कंडिशनर लावून, शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घेतला तर भरडपणा उतरतो. यापेक्षा मोठा दोष कंगव्याकडे जातो. ओले केस मुळापासून खाली ओढत विंचरण्याची घाई सकाळच्या उरण लोकलची आहे. टोकाकडून सुरुवात करून, रुंद दातांच्या फणीने वर वर जायचं, एवढ्याने बरीच तूट थांबते. दुचाकीवर केस मोकळे सोडले तर वारा आणि धूळ मिळून संध्याकाळी जो गुंता देतात तो सोडवताना जातात ते केस कुणी मोजत नाही. सैल वेणी घालावी, ती ओढणीखाली किंवा शर्टात घ्यावी, मग हेल्मेट.

घट्ट अंबाड्याचं मात्र जुन्या बायकांकडून जसंच्या तसं घेऊ नये. वर्षानुवर्षं एकाच जागी ओढून बांधलेल्या बुचड्याने कपाळावरची आणि कानामागची रेषा मागे सरते, आणि मुळं एकदा मेली की ती जागा भरत नाही. लग्नातल्या केशरचनेत हीच ओढाताण एका रात्रीत होते. उलटे विंचरून फुगवलेले केस, स्प्रे, पन्नास पिना, वर गजऱ्याचं वजन. हळदीच्या पहाटे दमून झोपताना पिना ओढून काढल्या जातात, तेल लावून हळूहळू सोडवायचं भान कुणाला असतं?

खरं नुकसान रसायनांचं. स्मूदनिंग, स्ट्रेटनिंगमध्ये केसाच्या आतले गंधकाचे बंध तोडून, केस सरळ ठेवून, बंध पुन्हा बसवतात. सगळे बसत नाहीत. त्यावर तापलेली इस्त्री, आणि केस पुरता वाळलेला नसेल तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात पोकळ्या पडतात. चार-पाच महिन्यांनी मुळाकडचे केस आपल्या वळणाने यायला लागतात आणि जुने सरळ, नवे कुरळे अशा सांध्यावर केस तटकन तुटतो. वाढवायचे आहेत म्हणून स्मूदनिंग करून घेणाऱ्या मुली याच जागी अडकतात. पुन्हा करून घेतलं तर आणखी तूट, नाही केलं तर दोन रंगरूपं डोक्यावर. 'केराटिन' नावाने होणाऱ्या उपचारात फॉर्मॅल्डिहाइड असू शकतं, आणि त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच कर्करोगकारक ठरवलं आहे. ते टाळायला आलेल्या ग्लायॉक्सिलिक आम्लाने दुसरं दुखणं आणलं. इस्रायलच्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये केस सरळ केल्यानंतर मूत्रपिंडाला अचानक इजा झालेल्या २६ बायकांची नोंद केली, आणि २०२४ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी एकाच तरुणीला तीन वेळा सलूननंतर हेच झाल्याचं लिहिलं. डोक्याची आग होत असताना "थोडं सहन करा ताई" म्हणणाऱ्या पार्लरमधून उठून डोकं धुवावं, पैसे गेले तरी.

कापले गेल्यानंतरचे पहिले आठ दिवस मात्र काही करू नये. ओबडधोबड दिसतं म्हणून दुसरीकडे जाऊन "नीट" करून घेतलं की आणखी दोन इंच जातात, आणि एक्स्टेन्शन जोडले की उरलेल्या केसांवर वजन येतं. पिना, पट्टा, बाजूचा भांग, गजरा, यांवर महिना निघतो. खांद्याला टेकणाऱ्या केसांचा टप्पा सगळ्यांत चिडका. ना वेणी बसते, ना मोकळे राहतात, आणि घासून टोकं फुटतात. वाढवणाऱ्यांपैकी कितीतरी जण इथेच कंटाळून पुन्हा कापतात.

मुलग्यांना हा टप्पा आणखी जड जातो, कारण त्यांच्या बाजूने घरात कुणीच नसतं. जावळ काढायला एकवीरेला नेलेल्या पोराने विसाव्या वर्षी केस वाढवले की बाप पहिल्यांदा सलूनवाल्याकडे बघतो. आणि मग येतो तो प्रसंग, ज्यात कापणी सगळ्यांत नको असते आणि नाही म्हणणंही सगळ्यांत अवघड. वडील जातात, दहाव्याला मुंडण असतं. चार वर्षं वाढवलेले केस आहेत हे त्या दिवशी कुठल्या तोंडाने सांगायचं? सत्यशोधक पद्धतीने उत्तरकार्य करणाऱ्या घरांत हा पेच येत नाही. बाकीच्यांत काही घरं थोरल्याचं मुंडण करून धाकट्याची एक बट घेतात. भटजी सहसा अडून बसत नाहीत, अडून बसतात ते चुलते. केस राखायचे असलेल्या मुलाने वडील धडधाकट असतानाच, चहाच्या वेळी, हे त्यांच्याशी बोलून ठेवावं. चुलत्यांना उत्तर द्यायला मग वडिलांचाच शब्द हाताशी राहतो.